कॅमेऱ्याची बॅग साधी दिसली पाहिजे, साधी असता कामा नये



मागच्या काही व्हिडिओंमध्ये आपण छोट्या स्टुडिओचा हिशोब, ॲडव्हान्स कसा घ्यायचा, दर कसा सांगायचा यावर बोललो. आज विषय वरवर फार किरकोळ वाटेल असा आहे. कॅमेऱ्याची बॅग. "सर, आता बॅगेवर पण लेख?" असं कुणी म्हणेल. हो, बॅगेवरच. कारण तुमचा सगळा धंदा दिवसभर त्या बॅगेत असतो. किराणा दुकानदाराचं दुकान रात्री शटर लावून जागेवर राहतं. फोटोग्राफरचं दुकान खांद्याला लटकून एसटीत चढतं, दुचाकीवर बसतं, मांडवात खुर्चीखाली पडून राहतं. अशा दुकानाला शटर कसं पाहिजे, हा आजचा प्रश्न.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असाल तर एवढंच वाचून गेलात तरी चालेल. बॅग बाहेरून अशी असावी की तिच्याकडे दुसऱ्यांदा कुणी बघू नये, आणि आतून अशी असावी की खांद्यावरून घसरून फरशीवर आपटली तरी तुम्हाला धडकी भरू नये. बहुतेकांच्या बॅगा नेमक्या उलट्या असतात. बाहेर कंपनीचं मोठं नाव, आणि आत बोटाएवढाही फोम नाही.

दौलताबादला एकदा नुसतं उभं राहून बघा

दिवाळीनंतर ते लग्नसराई संपेपर्यंत कुठल्याही रविवारी सकाळी दौलताबाद किल्ल्याच्या दरवाजासमोर उभे राहा. छत्रपती संभाजीनगरहून हे अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर, वेरूळच्या रस्त्यावरच, त्यामुळे गर्दी ठरलेली. सहलीच्या बसेस, कुटुंबं, नवीन जोडपी, आणि त्यांच्यासोबत आपले फोटोग्राफर बंधू-भगिनी. आता फक्त बॅगांकडे बघा. रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढ्या अक्षरात कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव. कॅमेऱ्यासोबत फुकट आलेली बॅग, आणि गळ्यात कंपनीचाच पट्टा, त्यावर मॉडेलचं नावसुद्धा छापलेलं.

म्हणजे ज्याला माहिती पाहिजे त्याला सगळी मिळाली. कोणती कंपनी, कोणतं मॉडेल, साधारण किती लाखाचा माल, आणि तो कुणाच्या खांद्यावर आहे. सोनार दागिने घेऊन प्रवासाला निघतो तेव्हा पिशवीवर "सोने" असं लिहितो का? जुनी कळकट पिशवी घेतो, वर टॉवेल टाकतो. त्याला धंदा कळतो म्हणून तसं करतो.

आणि देवगिरीच्या पायथ्याशी उभं राहून ही गोष्ट विसरणं म्हणजे कमालच. अलाउद्दीन खिलजी 1296 मध्ये इथे कशासाठी आला? देवगिरीच्या श्रीमंतीची कीर्ती त्याच्या कानावर भेलशातच गेली होती. विंध्य ओलांडून एवढ्या लांब तो आला, कारण इथे काय आहे हे दूरवर माहीत होतं. पुढची गोष्ट तुम्ही गाइडच्या तोंडून ऐकली असेल. राजा रामदेवराय किल्ल्यात गेला, घाईघाईत धान्याची म्हणून पोती आत घेतली, आणि वेढा पडल्यावर पोती उघडली तर आत मीठ. किल्ला दगडाने पक्का होता, पोटाने कच्चा निघाला.

या एका गोष्टीत आपल्या बॅगेचे दोन्ही धडे आहेत. एक, आपल्याकडे काय आहे याची दवंडी पिटू नका. दोन, पोतं बाहेरून कसं दिसतं त्यापेक्षा आत काय भरलंय ते आधी उघडून बघा.

आधी हिशोब, मग मत

आपल्याकडे भावनेने बोलायची पद्धत नाही, आकडे मांडू.

समजा, पडेगावचा एक तरुण आहे. लग्न, साखरपुडे, बारशी, प्री-वेडिंग अशी कामं घेतो. त्याची बॉडी 1,10,000 रुपयांची. दोन लेन्स मिळून 80,000. फ्लॅश 12,000. कार्डं, बॅटऱ्या, चार्जर 8,000. एकूण 2,10,000 रुपये. यातलं बरंचसं हप्त्यावर. वर्षाला तो साधारण 50 कामं करतो.

आता त्याने 3,500 रुपयांची चांगली बॅग घेतली आणि ती तीन वर्षं वापरली. तीन वर्षांत 150 कामं. एका कामामागे बॅगेचा खर्च साधारण 23 रुपये. तेवढ्यात मांडवाबाहेर दोन चहा होतात. गिअरच्या किमतीशी तुलना केली तर बॅग दोन टक्क्यांच्याही आत बसते.

दुसऱ्या बाजूला बघा. फुकटची बॅग, खर्च शून्य. पण लेन्स एकदा खाली बसली आणि फोकस अडकला, तर दुरुस्तीला ती पुण्या-मुंबईला जाणार. तिथून परत येईपर्यंत भाड्याची लेन्स. आणि गिअर चोरीला गेलं तर? हप्ता थांबत नाही. वस्तू गेली तरी हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून जातोच. पुढच्या पंधरा दिवसांची घेतलेली ॲडव्हान्स परत करायची की उसन्या कॅमेऱ्यावर काम करायचं, हा प्रश्न उभा राहतो. लग्नसराईच्या तोंडावर असं झालं तर पूर्ण वर्षाची कमाई हातची जाते. छोटा धंदा अशाच एका दणक्यात बंद पडतो, आणि तो मुलगा परत वाळूजला कंपनीत हेल्परच्या कामाला लागतो. कष्टाचं कुठलंच काम वाईट नाही, पण त्याने उभा केलेला धंदा बॅगेपायी जाऊ नये एवढंच माझं म्हणणं.

म्हणून माझा ठोकताळा: गिअरच्या एकूण किमतीच्या दोन टक्के रक्कम बॅगेसाठी बाजूला ठेवा. गिअर खरेदी करतानाच ठेवा, नंतर नाही. नंतर कधीच होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि जीएसटी नोंदणी असेल तर बॅगेचंही पक्कं बिल धंद्याच्या नावावर घ्या. ती धंद्याची वस्तू आहे, हौसेची नाही.

"पण सर, रुबाबाचं काय?"

हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून हसण्यावारी नेत नाही.

आपल्याकडे फोटोग्राफी करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना घरून एकच वाक्य ऐकावं लागतं, "हे कसलं काम? नोकरी कधी बघणार?" गावात नातेवाईक विचारतात, "अजून ते फोटोच काढतो का?" अशा वेळी कंपनीचं नाव असलेली मोठी बॅग खांद्याला लावली की बरं वाटतं. चार लोक वळून बघतात. वाटतं, आता तरी कळेल की हे खरं काम आहे, यात पैसा आहे. ही भूक खोटी नाही. मान मिळावा असं कुणाला वाटत नाही?

पण शांतपणे विचार करा, त्या बॅगेकडे बघतं कोण? तुमचा ग्राहक बघत नाही. नवरीच्या वडिलांना त्या दिवशी स्वतःच्या चपला कुठे काढल्या ते आठवत नसतं, ते तुमच्या बॅगेचं नाव कुठे वाचणार? ते बघतात तुम्ही वेळेवर आलात का, आजी-आजोबांचा फोटो आठवणीने घेतलात का, आणि अल्बम सांगितलेल्या तारखेला दिलात का. बॅगेकडे बारकाईने बघणारे दोनच. दुसरा फोटोग्राफर आणि चोर. पहिल्याकडून तुम्हाला काम मिळायचं नाही आणि दुसऱ्याकडून मान.

रुबाब पाहिजे ना? मग तो स्टुडिओच्या बोर्डवर करा. व्हिजिटिंग कार्डवर करा. अल्बमच्या पेटीवर तुमचं नाव सुंदर अक्षरात छापा, कारण ती पेटी लोकांच्या कपाटात तीस वर्षं राहणार आहे. कुठल्यातरी जपानी कंपनीचं नाव खांद्यावर मिरवून तुमच्या धंद्याची जाहिरात होत नाही, त्यांची होते.

आणखी एक फायदा. साधी बॅग घेतलेला माणूस गर्दीत मिसळतो. खुलताबादचा उरूस असो, भद्रा मारुतीची हनुमान जयंती असो, की श्रावणातलं घृष्णेश्वर, लोक कॅमेरावाला आला म्हटलं की सावरून बसतात, पदर नीट करतात, चेहरा फोटोचा करतात. तुमच्याकडे कुणाचं लक्ष नसेल तेव्हाच खरे चेहरे मिळतात.

ही युक्ती काही माझी नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राचा छायाचित्रकार जिम डोमके याने 1970 च्या दशकात स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची एक साधी, मऊ, खांद्याची बॅग करून घेतली. बाकीचे पेटीसारख्या कडक बॅगा वापरत होते, याची बॅग नुसत्या पिशवीसारखी. पुढे जगभरच्या बातमीदारांनी ती उचलली. इंग्लंडच्या बिलिंगहॅम कंपनीची गोष्ट तर अजून मजेशीर. ते मासेमारीच्या सामानाच्या बॅगा करायचे. न्यूयॉर्कचे फोटोग्राफर त्याच बॅगा कॅमेऱ्यासाठी नेतायत हे त्यांच्या 1970 च्या दशकाच्या शेवटी लक्षात आलं, आणि त्यांनी धंद्याची दिशाच बदलली. (ग्राहक आपला माल कशासाठी वापरतोय हे बघणं, हा वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे!) मुद्दा काय, तर रोज रस्त्यावर काम करणाऱ्यांनी मासे पकडायची वाटेल अशी बॅग पसंत केली.

आपल्याकडे तर त्याहून जुनी परंपरा आहे. शबनम! कार्यकर्ता, पत्रकार, कवी, मास्तर, सगळ्यांच्या खांद्याला तीच पिशवी. आत वर्तमानपत्र आहे, भाकरी आहे की कॅमेरा आहे, कुणाला पत्ता लागत नाही.

साधी म्हणजे नेमकी कशी?

रंग मातकट, राखाडी, गडद निळा किंवा काळा. बाहेर नाव नको. असेल तर उसवून काढा किंवा वरून साधं कापड शिवून घ्या. आकार ऑफिसच्या किंवा डब्याच्या बॅगेसारखा. औषध कंपनीचा एमआर डॉक्टरकडे जातो तशी बॅग असली तर उत्तमच. बाजूला लोंबणाऱ्या गोल डब्या नकोत, त्या लांबूनच "लेन्स, लेन्स" म्हणून ओरडतात. कॅमेऱ्याचा कंपनीचा पट्टा बदलून बिननावाचा लावा, हे काम दोनशे-तीनशे रुपयांत होतं आणि आजच होतं.

वरचं झाकण मोठं असावं आणि त्याखाली चेनही असावी. फक्त झाकण असेल तर गर्दीत हात सहज जातो. चेन बंद होताना तिचं टोक तुमच्या पोटाकडे यावं, पाठीकडे नको. वेल्क्रो शक्यतो टाळा. मंगलाष्टकं संपत आलीत, सगळे अक्षता घेऊन शांत उभे, आणि तुमची बॅग खर्रर्र करून उघडते. अख्खा मांडव तुमच्याकडे बघतो. साधेपणात आवाजही येतो बरं का.

पॅडिंग: सीताफळवाल्याकडून शिका

सीझनमध्ये दौलताबादच्या घाटात रस्त्याच्या कडेला सीताफळं विकायला बसतात ते आठवा. पिकत आलेलं सीताफळ म्हणजे जगातला सर्वात नाजूक माल. तरी ते टोपलीतून बाजारापर्यंत जातं. कसं? खाली पाल्याचा थर, फळं एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये पाला, आणि टोपली अशी भरलेली की फळ हलणार नाही. तीनच नियम. तळ मऊ, मध्ये आड, आणि हालचाल बंद.

कॅमेऱ्याच्या बॅगेला हेच तीन नियम लावा.

तळ: सगळ्यात जास्त मार तळालाच बसतो, कारण बॅग आपण ठेवत नाही, टेकवतो आणि सोडतो. दुकानात बॅग हातात घ्या, तळाला आतून अंगठा आणि बाहेरून बोट लावून दाबा. दोन्ही एकमेकांना लागल्यासारखे वाटले तर बॅग परत ठेवा. तळाचा फोम निदान बोटभर जाड हवा, बाजूंचा त्याहून थोडा कमी चालेल. फोमही दोन प्रकारचा असतो. गादीतला भुसभुशीत फोम दाबला की पूर्ण बसतो आणि पाणीही पितो. घट्ट, बारीक दाण्याचा फोम, चटया आणि पॅकिंगमध्ये वापरतात तो, हळू दबतो आणि लगेच वर येतो. आपल्याला दुसरा पाहिजे.

आड: बॉडी आणि लेन्स, लेन्स आणि फ्लॅश यांच्यामध्ये फोमची भिंत हवी, नुसतं कापड नको. धक्का बाहेरूनच बसतो असं नाही. बऱ्याचदा बॅगेतली एक वस्तूच दुसरीवर आपटते.

हालचाल: सामान भरून बॅग कानाजवळ धरून हलवा. खडखडलं तर कप्पे मोठे आहेत. बॅग मोठी घेतली म्हणजे भविष्याची सोय झाली असं समजू नका. मोठ्या बॅगेत सामान नाचतं, आणि रिकामी जागा दिसली की आपण त्यात नको ते भरतो.

किल्ल्याचीच भाषा पाहिजे असेल तर तीन कोट लक्षात ठेवा. दौलताबादला अंबरकोट, महाकोट, कालाकोट आहेत तसे बॅगेला बाहेरचं जाड कापड, मधला घट्ट फोम आणि आतलं मऊ अस्तर. एक कमी असेल तर किल्ला अपुरा.

पट्टा विसरू नका. चार बोटं रुंद, खांद्यावर मऊ पट्टी, आणि जिथे पट्टा बॅगेला जोडलाय तिथे चौकोनात फुली अशी शिलाई. पट्टा बॅगेच्या खालून पूर्ण फिरवून शिवलेला असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मग सगळं वजन शिलाईवर येत नाही. बक्कल प्लास्टिकचं असेल तर ते वाकवून बघा. फुटायचंच असेल तर दुकानात फुटू दे!

आपली दुचाकी आणि आपले रस्ते

परदेशी यूट्यूबर बॅग सांगतो तेव्हा तो कारमधून जातो. आपला फोटोग्राफर दुचाकीवर असतो. बॅग टाकीवर, नाहीतर स्कूटरच्या हुकाला. इंजिनाची थरथर सरळ लेन्समध्ये.

हे नुसतं भीती घालणं नाही. 2021 मध्ये ॲपल कंपनीने स्वतःहून ग्राहकांना सांगितलं होतं की जास्त ताकदीच्या मोटारसायकलच्या हँडलला आयफोन लावू नका, त्या थरथरीने आतल्या कॅमेऱ्याची हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. आजच्या कॅमेऱ्यांत आणि लेन्समध्येही असे बारीक हलणारे भाग आहेत. शिवाय रोजच्या थरथरीने लेन्सचे बारीक स्क्रू सैल होतात ते वेगळंच.

म्हणून दुचाकीवर बॅग अंगावर आडवी घ्या, पट्टा आखडून पाठीला घट्ट. तुमचं शरीर हे सगळ्यात चांगलं शॉकॲब्झॉर्बर आहे. एसटीत बॅग वरच्या फळीवर टाकू नका, मांडीवर घ्या. कार असेल तर आपल्या मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात डिकीत तासन्‌तास ठेवू नका.

आणि पावसाळ्यात एक काळजी. फोम ओल धरतो. भिजलेल्या बॅगेत रात्रभर लेन्स ठेवली की बुरशीला आमंत्रण. बॅग ने-आण करण्यासाठी आहे, घर म्हणून नाही. घरी आल्यावर सामान काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि बॅग उघडी करून वाळवा.

पाठीची की खांद्याची?

प्रामाणिकपणे सांगतो, पाठीची सॅक वजनाला चांगली. दोन बॉडी, मोठी टेलिफोटो, लाइट असं सहा-सात किलो असेल तर खांद्याच्या बॅगेचा हट्ट धरू नका, मान आणि पाठ धरेल. तिथे सॅकच घ्या, फक्त तीही साधी दिसणारी.

पण एक बॉडी, दोन लेन्स, एक फ्लॅश, म्हणजे चार किलोच्या आतलं सामान असेल तर माझं मत खांद्याच्या बॅगेला. गर्दीत सॅकची चेन मागच्याच्या हातात असते, खांद्याची बॅग तुमच्या हाताखाली. लेन्स बदलायला सॅक खाली ठेवावी लागते, आणि मांडवात खाली ठेवलेली वस्तू म्हणजे कुणाच्या तरी पायाखालची वस्तू. दौलताबादच्या अंधारीत तर बघाच. काळोख, वटवाघळं, वळणाच्या पायऱ्या, एका हातात टॉर्च, दुसरा भिंतीला. तिथे बॅग पुढे पोटावर ओढून घेता आली पाहिजे, नाहीतर ती प्रत्येक वळणाला दगडावर आपटते. बॅग घेताना दुकानात हे करून बघा: आडवी घाला, पुढे ओढा, मागे ढकला, दहा पायऱ्या चढा-उतरा. मांडीवर आपटत असेल तर पट्टा लांब आहे किंवा बॅग चुकीची आहे.

विकत मिळत नसेल तर शिवून घ्या

चांगल्या ब्रँडच्या साध्या बॅगा महाग असतात हे मान्य. मग आपला रस्ता आपण काढायचा. गाडीचं सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिराकडे जा. जाड कापड, रेक्झिन, फोम आणि दणकट शिलाई, हे त्याचं रोजचं काम. त्याला तुमचं सामान दाखवा, मापं घेऊ द्या, आणि फक्त आतली फोमची पेटी शिवून घ्या, कप्प्यांसकट. ही पेटी कुठल्याही साध्या कॅनव्हासच्या बॅगेत बसते. बाहेरची बॅग फाटली तर दोन वर्षांनी ती बदला, पेटी तीच. शिवाय गावातला पैसा गावात राहतो, आणि त्या कारागिरालाही एक नवीन वस्तू विकायला मिळते. कुणी सांगावं, तोच उद्या माझ्या पुढच्या व्हिडिओत असेल.

लपवायचं कुणापासून?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण "साधी बॅग" म्हटलं की काहींच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते. साधी बॅग चोरापासून लपण्यासाठी आहे, चौकीदारापासून नाही. दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा ही पुरातत्त्व विभागाची संरक्षित ठिकाणं आहेत. ट्रायपॉड, ड्रोन, व्यावसायिक शूटिंग यांना आधी परवानगी लागते. डब्याच्या बॅगेतून सामान आत नेऊन गुपचूप प्री-वेडिंग उरकायचं, हे डोकं कुणी चालवू नका. अडवलं तर जोडप्यासमोर तुमची शोभा होते, ग्राहकाचा दिवस वाया जातो, आणि पुढच्या प्रामाणिक फोटोग्राफरला गेटवर जास्त त्रास होतो. परवानगीचा वेळ आणि खर्च कोटेशनमध्ये लिहा. ग्राहक समजून घेतो.

बॅग जे वाचवू शकत नाही ते

कितीही चांगली बॅग घ्या, ती कधीतरी जाऊ शकते. म्हणून सगळी अंडी एका टोपलीत नको.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. मेजर रॉबर्ट गिल या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1844 पासून अजिंठ्यात राहून तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला रंगवल्या. वर्षानुवर्षांचं काम. ती चित्रं लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती, आणि 1866 च्या आगीत त्यातली बहुतेक जळून गेली. वाचली ती फक्त त्या वेळी तिथे नसलेली मोजकी चित्रं. कळलं का? जी दुसरीकडे होती, तीच वाचली.

तुमच्या बॅगेतली सगळ्यात महाग वस्तू कॅमेरा नाही, कार्ड आहे. कॅमेरा पुन्हा घेता येतो, लग्न पुन्हा लागत नाही. सप्तपदीचं कार्ड भरलं की ते बॅगेत ठेवू नका, अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी फोटो जाऊ द्या. घरी गेल्यावर आधी कॉपी, मग जेवण.

सगळ्या सामानाचे सिरियल नंबर आणि बिलं यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि ईमेलवर ठेवा. पोलिसांत तक्रार देताना आणि विम्याचा दावा करताना हेच विचारतात. विमा काढताना एजंटला एक प्रश्न नक्की विचारा: "गाडीत ठेवलेलं सामान चोरीला गेलं तर मिळणार का?" उत्तर तोंडी नको, पॉलिसीत कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.

आजचा गृहपाठ

नुसतं वाचून सोडू नका. आज रात्री तीन कामं करा.

एक, बॅगेतलं सगळं सामान चटईवर मांडा, त्याची एकूण किंमत कागदावर लिहा, आणि त्याखाली बॅगेची किंमत लिहा. दोन आकड्यांकडे एक मिनिट बघत राहा.

दोन, तळाला अंगठा लावून बघा.

तीन, बॅग दारात ठेवून घरातल्या कुणाला तरी, शक्यतो आईला, विचारा, "यात काय असेल असं वाटतं?" ती म्हणाली "कॅमेरा", तर बॅग बदलायची वेळ झाली. ती म्हणाली "डबा असेल", तर तुमचा माल सुखरूप आहे.

धंदा वाढवण्याबद्दल आपण खूप बोलतो. आहे तो धंदा रोज संध्याकाळी धड घरी आणणं, हेही धंदा वाढवणंच आहे.

काळजी घ्या, कामाला लागा. पुढच्या भागात भेटू.